आल्फ्रेड ड्रेफस : विलंबाने फेडलेले ऋण

फ्रान्सच्या सैन्यातील ज्यू अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा देणारा कायदा फ्रान्सच्या संसदेने २०२५ मध्ये संमत केला. या निर्णयाचे मूळ १८९४ मधील एका खोट्या आरोपात आहे.

ड्रेफस यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५९ रोजी अल्सास प्रांतातील म्युलूझ येथे कापड गिरणी मालकाच्या कुटुंबात झाला. १८७१ मध्ये हा प्रांत जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व कायम राखले. ड्रेफस सैन्यात दाखल झाले आणि १८८९ मध्ये कॅप्टन झाले.

याच काळात फ्रान्समध्ये ज्यूविरोधी प्रचाराने जोर धरला होता. एदुआर द्रुमाँ यांचे १८८६ मधील पुस्तक आणि नंतरचे त्यांचे वृत्तपत्र यांतून ज्यू हे वंशानेच परके असल्याचा विचार घरोघरी पोहोचला. १८९४ मध्ये जर्मन दूतावासातून एक निनावी चिठ्ठी फ्रेंच हेरखात्याच्या हाती आली, तेव्हा संशय ड्रेफस यांच्यावर घेण्यात आला. हस्ताक्षर न जुळणाऱ्या जागी त्यांनी ते मुद्दाम बदलल्याचा अजब तर्क लढविण्यात आला. बचाव पक्षाला अंधारात ठेवून न्यायाधीशांना गुप्त कागदपत्रे देण्यात आली. डिसेंबर १८९४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसमध्ये जाहीररीत्या त्यांची पदचिन्हे उतरवून तलवार मोडण्यात आली. त्यानंतर त्यांना फ्रेंच गयानाजवळील डेव्हिल्स आयलंड बेटावर ठेवण्यात आले.

खरा हेर एस्तरहाझी असल्याचे १८९६ मध्ये लेफ्टनंट कर्नल पिकार यांच्या लक्षात आले. परंतु सैन्याने पिकार यांनाच दूर धाडले. जानेवारी १८९८ मध्ये एस्तरहाझी निर्दोष सुटला. दोनच दिवसांनी कादंबरीकार एमिल झोला यांनी राष्ट्राध्यक्षांना उद्देशून खुले पत्र प्रसिद्ध केले आणि देश दोन तटांत विभागला गेला. १८९९ मधील फेरसुनावणीतही ड्रेफस दोषी ठरले. त्यांना माफी मिळाली, पण निर्दोषत्व नाही. ते १२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

त्यांना मेजर पदावर परत घेण्यात आले. मात्र कारावासातील वर्षे सेवाज्येष्ठतेत धरली गेली नाहीत. पिकार थेट ब्रिगेडियर जनरल झाले, तर ड्रेफस यांनी १९०७ मध्ये निवृत्ती पत्करली. १९०८ मध्ये झोला यांच्या अस्थी पँथिऑनमध्ये नेण्याच्या समारंभात ड्रेफस यांच्यावर गोळीबार झाला. ते जखमी झाले, हल्लेखोर मात्र निर्दोष सुटला. तरीही पहिल्या महायुद्धात वयाच्या पन्नाशीनंतर ते पुन्हा सैन्यात रुजू झाले.

१२ जुलै १९३५ रोजी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. पुढे जर्मनव्याप्त फ्रान्समधून त्यांची नात मादलेन लेव्ही हिला आउशविट्झला पाठविण्यात आले. तेथेच १९४४ मध्ये तिचा मृत्यू झाला. आजोबांना न्यायालयाने निर्दोष ठरविले होते. ज्या विचाराने त्यांना दोषी ठरविले, तो मात्र युरोपात जिवंत राहिला होता.