नसलेल्या हाताची वेदना

हाताची जखम भरून आली, तरी तळव्याची आग थांबत नाही. वर्तमानपत्राची सळसळ किंवा शेजारून जाणाऱ्याची पावलेही ती भडकवतात. असे सैनिक हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत, तर काही जण चक्क बुटांत पाणी ओतत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात हे दृश्य नित्याचे होते. तेथे सायलस वेअर मिचेल यांनी मोरहाऊस व कीन या सहकाऱ्यांसह मज्जातंतूंच्या जखमांचा अभ्यास केला.

मिचेल यांचा जन्म १८२९ साली फिलाडेल्फियातच, एका डॉक्टरच्या घरी झाला. पॅरिसला ते क्लोद बर्नार यांच्याकडे शिकले आणि परतल्यावर सर्पविषावर संशोधन करू लागले. त्यांची दृष्टी घडवली ती मात्र युद्धाने. लष्करात ढोंगी सैनिकांची कमतरता नव्हती. ढोंग कसे ओळखावे यावर या तिघांनी लिहिलेही. तरीही डोळ्यांना न दिसणाऱ्या वेदनेला त्यांनी ढोंग मानले नाही, हे त्यांचे मोठेपण. १८६४ मध्ये तिघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हातपाय गमावलेल्यांची हकीकत आणखी विलक्षण होती. मिचेल यांनी पाहिलेल्या ९० जणांपैकी ८६ जणांना नसलेला अवयव जाणवत होता. काहींना तर त्याची बोटे आपण हलवतो आहोत असेही वाटे. १८६६ मध्ये त्यांनी हा विषय एका निनावी कथेत मांडला. वाचकांना ती इतकी खरी वाटली, की काल्पनिक नायकासाठी त्यांनी पैसे पाठवले! १८७१ मध्ये मिचेल यांनी या अनुभवाला ‘भुताचा अवयव’ या अर्थाचे नाव दिले.

पुढे स्त्रियांवर लादलेल्या सक्तीच्या विश्रांती उपचारामुळे त्यांच्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. सैनिकांचे ऐकणाऱ्या या डॉक्टरने स्त्री-रुग्णांचे तितके ऐकले नाही.

१९१४ मध्ये मिचेल यांचे निधन झाले. तुटलेल्या मज्जातंतूमुळे मेंदूत काय घडते, हे तपासण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती. १९८८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या मिशा हलवणारा मज्जातंतू कापला. काही तासांतच मेंदूच्या प्रेरक भागातील मिशांच्या जागेला विद्युत उद्दीपन दिल्यावर पुढचा पाय हलू लागला. इतक्या थोड्या वेळात नवे तंतू वाढणे शक्य नव्हते. आधीपासून असलेल्या, पण शेजारच्या चेतापेशींनी दाबून ठेवलेल्या जोडण्या मोकळ्या झाल्या होत्या.