विष्णुदास भावे : देवकथा, नट आणि घरातील लेकरे

घोटी, इगतपुरी, त्र्यंबक या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना बोहाडा समजावून सांगण्याची गरज नाही. होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव रात्रभर सोंगे नाचतात. संबळाच्या तालावर आधी गणपती येतो, सरस्वती येते, मग देवदैत्यांची रांग लागते. आईच्या कडेवरचे मूल राक्षसाचा मुखवटा पाहून भेदरते, तरी त्याला कोणी घरी नेत नाही. हे देवाचे काम आहे, अशी त्यामागे श्रद्धा असते. त्याच घरातील वडीलधारी माणसे जत्रेतील तमाशाच्या कनातीकडे मात्र मुलांना फिरकू देत नाहीत. जिवंत नटांचा कोणता खेळ लेकरांनी पाहावा आणि कोणता पाहू नये, याचा निवाडा असा घरोघर होत आला आहे. विष्णुदास भावे यांचे चरित्र या अंगाने वाचले, तर केवळ ‘आद्य नाटककार’ या बिरुदात न मावणारा माणूस आपल्यासमोर उभा राहतो.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस झाला. वडील सांगलीच्या पटवर्धन संस्थानात चाकरीला होते. मुलाचे लक्ष अभ्यासापेक्षा चित्रे, मूर्ती, बाहुल्या करण्यात आणि गोष्टी रचण्यात अधिक रमे. असा मुलगा घराला काळजीचा वाटणे स्वाभाविक होते. पुढे त्याच्या उपयोगी पडली ती हीच कारागिरी.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब हे गणेशभक्त होते. सांगलीतील गणपती मंदिराची उभारणी त्यांचीच. 1842 च्या सुमारास उत्तर कानड्यातील भागवत मंडळी सांगलीस आली व तिने आपले खेळ केले. कथा पुराणातील होत्या, पण सादरीकरण ओबडधोबड होते. आप्पासाहेबांना त्यात उणीव दिसली आणि शक्यताही दिसली. तसेच, पण नीटनेटके आणि मराठीत, काही करून दाखवावे अशी आज्ञा त्यांनी विष्णुपंतांना केली. धार्मिक वृत्तीच्या एका यजमानाने येथे खेळावर बंदी घातली नाही; तो सुधारून घेतला. इंग्लंडमध्ये 1642 साली कडव्या धर्मनिष्ठांच्या वर्चस्वाखालील पार्लमेंटने नाट्यगृहेच बंद केली होती. सांगलीने धरलेली वाट निराळी होती, हे विसरू नये.

1843 च्या 5 नोव्हेंबरला सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग झाला. हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. कथा निवडण्यातच अर्धे काम झाले होते. रामाने धनुष्य मोडले हे प्रेक्षकांतील लहान मुलालाही कीर्तनातून, आजीच्या तोंडून ठाऊक होते. अनोळखी गोष्टीची भीती घरच्यांना असते. ओळखीच्या गोष्टीला दार उघडे असते.

अडचण होती ती नटांची. सोंग घेणे हे कुलीन घराला शोभणारे काम मानले जात नसे, आणि स्त्रीभूमिकांसाठी तर कोवळ्या वयाची मुले हवी होती. आपला मुलगा लुगडे नेसून चारचौघांत उभा राहणार, हे कोणत्या आईबापांना सहज पटेल? संस्थानच्या आश्रयामुळेच मंडळी जमू शकली. म्हणजे मुलाने नाटक पाहावे का, हा प्रश्न एका घरापुढे, तर मुलाने नाटकात उभे राहावे का, हा त्याहून कठीण प्रश्न दुसऱ्या घरापुढे होता. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची फारशी होत नाही.

प्रयोगाची घडण येथे लक्षपूर्वक पाहावी. सूत्रधार पदे म्हणे, गणपती-सरस्वतीची आराधना होई, विदूषक येई, नंतर आख्यान सुरू होई. पदे विष्णुपंतांनी रचलेली, त्यामुळे ती आधीच ठरलेली असत. गद्य संभाषण मात्र नट आयत्या वेळी करीत. पदांबाबत कोणाही सश्रद्ध माणसाने हरकत घ्यावी असे काही नव्हते. ती देवस्तुतीच होती. परंतु विदूषक त्या रात्री कोणती थट्टा करील, राक्षस किती आरडाओरडा करील, हे खुद्द रचनाकारालाही आधी सांगता आले नसते. मोकळे केस, रंगवलेले चेहरे आणि उपसलेल्या तलवारी घेऊन राक्षसपार्टी रंगमंचावर धावत येई, तेव्हा लहान मुले भिऊन जात असणार हे उघड आहे. कथा पवित्र असूनही प्रयोग मुलांसाठी योग्य ठरेलच, याची हमी नव्हती. माझ्या मते विष्णुदासी नाटकाचे खरे दुबळेपण येथे आहे; संगीताच्या किंवा नेपथ्याच्या साधेपणात ते शोधणे चुकीचे आहे.

1851 मध्ये आप्पासाहेब निवर्तले. राजाश्रय सरला, डोक्यावर कर्ज राहिले, आणि विष्णुपंतांनी मंडळी घेऊन दौरे सुरू केले. 1853 साली ते मुंबईस गेले. तेथे ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाले. या घटनेचा अर्थ केवळ आर्थिक नाही. राजवाड्यात खेळ होई तेव्हा त्याच्या योग्यतेची जबाबदारी यजमानावर असे. आता पैसे मोजून आत जाणाऱ्या गृहस्थाला ती स्वतः पेलावी लागली. सोबत कोणाला न्यावे, कोणाला घरी ठेवावे, हे त्यालाच ठरवावे लागले.

1860 नंतरच्या काही वर्षांतच विष्णुपंत नाट्यव्यवसायातून बाजूला झाले. तोपर्यंत त्यांच्या धर्तीवरील अनेक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या होत्या, पण सर्वांनाच त्यांच्याइतकी मर्यादा सांभाळता आली असे नाही. 1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक आले आणि संवाद आधी लिहून काढण्याची वाट रुळू लागली. नाटक पाहण्यापूर्वी ते वाचून पाहण्याची सोय त्यामुळे झाली. पुढे 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, तेव्हा सुशिक्षित कुटुंबांचा नाटकाविषयीचा संकोच बराच ओसरला. विष्णुपंतांनी आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने 1885 मध्ये छापली. ती आज आपण वाचू शकतो. विदूषकाची थट्टा मात्र त्या त्या रात्रीबरोबर संपली.

1901 मध्ये विष्णुदास भावे यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. लहानपणी ज्या छंदापायी घरच्यांना काळजी वाटावी, त्याच छंदातील त्या बाहुल्या.

कृती : आपल्या परिसरातील बोहाडा, दशावतार किंवा लळित यांपैकी एक खेळ लहान मुलासोबत पाहा. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यास कोणत्या कारणाने संमती दिली किंवा नाकारली, ते त्यांना विचारून दहा ओळींत लिहा.