'ब्रह्मचारी'वाले मास्तर

ऑगस्ट म्हणजे इथे ऑकलंडमध्ये ऐन थंडीपावसाचा महिना. बाहेर पडायची सोय नाही आणि कोल्हापूरहून आलेल्या सासूबाईंना काही करमेना. म्हणून यूट्यूबवर 'ब्रह्मचारी'तलं मीनाक्षीबाईंचं ते पोहण्याच्या पोशाखातलं गाजलेलं गाणं लावलं. सासूबाई सरसावून बसल्या. त्यांच्या आईला हा सिनेमा बघायची घरातून बंदी होती म्हणे! माझी पंधरा वर्षांची लेक मात्र कोड्यात पडली. टाकापुनाच्या किनाऱ्यावर वाढलेली पोर ती, यात बंदी घालण्यासारखं काय आहे हेच तिला कळेना. मग तिने विचारलं, की हे सगळं केलं कोणी? मास्टर विनायक, नंदाचे वडील, एवढं सांगून माझी गाडी अडली. त्या रात्री सासूबाईंकडून आणि पुस्तकांतून जे जमवलं, ते इथे मांडते आहे.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूरचा. 'मास्टर' हे नाव काही नाटकातल्या बालनटासारखं चिकटलेलं नव्हे, सिनेमात येण्याआधी ते खरोखरच शाळेत मास्तर होते. पण घर सगळं सिनेमाचं. बाबूराव आणि भालजी पेंढारकर घरचे, शांतारामबापू नात्यातले. अशा माणसाचा खडू हातात किती दिवस टिकणार? प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त, १९३२ साली, ते नारद झाले. पुढच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली आणि कोल्हापुरात मागे राहिलेल्या मंडळींमध्ये विनायकरावांना दिग्दर्शनाची संधी मिळाली. कोल्हापूर सिनेटोनचा 'विलासी ईश्वर' हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, १९३५ चा.

वर्षभरात ते, बाबूराव आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी हंस पिक्चर्स काढली. इथे विनायकरावांचा खरा गुण दिसतो, लेखक ओळखण्याचा. त्यांनी भाऊसाहेब खांडेकरांना सिनेमात आणलं ('छाया', १९३६) आणि आचार्य अत्र्यांनाही. एक हळवा, दुसरा खट्याळ. दोघांनाही सांभाळून घेणारा हा माणूस स्वभावाने कसा असेल, याचा मी बराच विचार केला.

१९३८ साल हंसला जड गेलं. चंद्रमोहनला घेऊन केलेला 'ज्वाला' हा मोठा खर्चिक सिनेमा पडला. त्याच वर्षी आला 'ब्रह्मचारी'. गोष्ट अत्र्यांची. औदुंबर नावाचा साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून भारावतो, जमवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो आणि आश्रमात दाखल होतो. मग तिथे किशोरी येते. पुढचं सांगायला नकोच! औदुंबर स्वतः विनायकराव, किशोरी मीनाक्षी शिरोडकर. सोबतीला दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. संगीत दादा चांदेकरांचं, गाण्याचे शब्दही अत्र्यांचेच. सिनेमा मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत निघाला.

मीनाक्षीबाईंचं मूळ नाव रतन पेडणेकर. सिनेमात आल्या तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं. घरंदाज बाईने पडद्यावर यायचं हेच तेव्हा मोठं, त्यात पोहण्याचा पोशाख घालून नायकाला भुलवायचं! ओरड व्हायची ती झालीच. पण लोकांनी थिएटरं भरली, आणि ओरडणारेही त्यात असणारच असा माझा अंदाज आहे. माझ्या मते सिनेमा टिकला तो त्या पोशाखामुळे नव्हे. ढोंगावर हसताना विनायकराव औदुंबरला दुष्ट करत नाहीत, त्याची त्रेधा आपल्याला आपलीशी वाटते. प्रेमाच्या बाबतीत इथे पुढाकार मुलीचा आहे, आणि त्याबद्दल सिनेमा तिला कुठलीही शिक्षा देत नाही. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

पुढे 'ब्रँडीची बाटली' (१९३९) आला, दारूचा गंधही नसलेला भोळा कारकून ब्रँडी शोधत गावभर हिंडतो ती धमाल. मग नवयुगचा 'लग्न पहावे करून', चिं. वि. जोशींचा. त्यात दामुअण्णा चिमणराव आणि जोग गुंड्याभाऊ. आमच्या पिढीला चिमणराव म्हटलं की दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकरच आठवतात, पण पडद्यावरची ही जोडी त्याच्या कितीतरी आधीची.

१९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले आणि मंगेशकरांचं घर उघड्यावर आलं. तेरा वर्षांच्या लताला विनायकरावांनी कामाला घेतलं. 'पहिली मंगळागौर'मध्ये तिने छोटं काम केलं, पुढे त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ती पगारावर होती. १९४५ मध्ये कंपनीने कोल्हापूर सोडून मुंबई गाठली, तेव्हा लताही मुंबईला आली. आपण इथे सुटकेसा घेऊन उतरलो, तेव्हा कुणीतरी पहिले काही महिने पाठीशी उभं राहिलेलं असतं ना, तशातली ही गोष्ट. नूरजहाँला घेऊन केलेल्या 'बडी माँ'तही लताला काम मिळालं. गाण्यात तिचं नाव व्हायचं होतं ते नंतर, आणि ते पाहायला विनायकराव नव्हते.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन चारच दिवस झाले असताना, ते मुंबईत वारले. वय अवघं एक्केचाळीस. घरात लहान मुलं, पैशाची तंगी. 'मंदिर' हा सिनेमा अर्धाच राहिला होता. तो दिनकर द. पाटलांनी पुरा केला आणि १९४८ मध्ये पडद्यावर आला. त्यात एक बालकलाकार होती, बेबी नंदा, विनायकरावांची मुलगी. 'ब्रह्मचारी'नंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९३९ मध्ये जन्मलेली. घर चालवायचं म्हणून ती पोर पुढेही कामं करत राहिली. मोठी झाल्यावर नायिका म्हणून तिला 'तूफान और दिया'त घेतलं ते शांतारामबापूंनी.

सासूबाईंना नंदाचे सगळे सिनेमे पाठ आहेत. पुढच्या शनिवारी 'ब्रँडीची बाटली' शोधायची असं ठरलंय, आणि लेकीने खाली मराठी वाचता येत नाही म्हणून अर्थ मी सांगायचा, अशी अट घातली आहे.