हिशेबाच्या वहीवरचा क्रूस

कॉमर्सला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना डेबिट-क्रेडिट तोंडपाठ असते. पण ही पद्धत छापील पुस्तकातून जगाला समजावून देणारे लुका पाचोली हे एक फ्रान्सिस्कन व्रतस्थ होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इटलीतील सानसेपोल्क्रो या गावी १४४७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. तरुणपणी व्हेनिसमध्ये ते एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांना शिकवीत. तेथे त्यांनी व्यापार आणि हिशेबाच्या वह्या जवळून पाहिल्या. पुढे १४७० च्या दशकात त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघात प्रवेश केला. दारिद्र्याचे व्रत घेतले, पण गणित सोडले नाही. अनेक शहरांत ते शिकवीत राहिले.

१४९४ साली व्हेनिसमध्ये त्यांचा गणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला. विद्वानांच्या लॅटिनऐवजी त्यांनी तो लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला. त्यातील एका भागात द्विनोंदी पद्धत सांगितली आहे. ती त्यांनी शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. पाचोलींनी ती सर्वांसाठी खुली केली. कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी अशा तीन वह्या ठेवायच्या. खतावणीत प्रत्येक व्यवहार दोनदा मांडायचा, एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या नाहीत, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की.

आरंभी देवाचे नाव घ्यावे आणि पहिल्या वहीवर क्रूसाची खूण करावी, असे त्यांनी सांगितले. विकणाऱ्याला एक वही आणि घेणाऱ्याला दुसरी दाखवणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट शब्दांत दोष दिला. अशा वहीची शपथ घेणे म्हणजे देवासमोर खोटे बोलणे, असे त्यांचे मत होते.

पुढे मिलानमध्ये लिओनार्दो दा विंची यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पाचोलींच्या १५०९ साली छापलेल्या पुस्तकातील आकृत्या लिओनार्दो यांच्या हातच्या चित्रांवरून घेतल्या आहेत. १५१७ साली पाचोलींचे निधन झाले.

आज अकाउंट्समध्ये करिअर करणाऱ्या तरुणांपुढे दोन वह्यांचा प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षीच उभा राहू शकतो. मालक आकडा थोडा फिरवायला सांगतो, आणि घरी कर्जाचा हप्ता भरायचा असतो. अशा वेळी नाही म्हणायला बळ लागते. पालकांनो, मुलाला पगार किती हे जरूर विचारा. पण सही कशावर करावी लागते, हेही विचारा. त्याने नकार दिला, तर त्याच्या पाठीशी उभे राहा.