बिशपांच्या घरातील विमानकर्ता

यंत्राच्या बळावर पहिले विमान राईट बंधूंनी उडविले, हे आपण शाळेत शिकलो. त्यांपैकी थोरला विल्बर हा एका बिशपांचा मुलगा होता, हे मात्र तेथे सहसा सांगितले जात नाही.

त्याचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील मिल्टन राईट हे पुढे 'युनायटेड ब्रदरन' मंडळीचे बिशप झाले. मंडळीच्या कामासाठी ते वरचेवर प्रवासात असत. आई सुझन ही गाड्या बनविणाऱ्या कारागिराची कन्या. मुलांची खेळणी ती स्वतःच्या हाताने घडवी.

विल्बरला येल विद्यापीठात पाठविण्याचा विचार चालू होता. परंतु १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर खेळताना एकाची काठी तोंडावर बसून त्याचे पुढचे दात गेले. पाठोपाठ हृदयाची धडधड सुरू झाली आणि येल राहूनच गेले. आईला क्षय जडला होता. तिला सकाळी उचलून खाली आणावे, रात्री पुन्हा वर न्यावे, आणि मधल्या वेळात वडिलांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके वाचावीत, अशी सुमारे तीन वर्षे गेली. १८८९ मध्ये आई देवाघरी गेली. ही वर्षे फुकट गेली असे आपण म्हणाल काय? मला तसे वाटत नाही. एकेका प्रश्नाच्या तळाशी जाण्याची चिकाटी त्याला याच घरात लाभली असावी.

१८९२ मध्ये त्याने धाकटा भाऊ ऑरविल याच्यासह डेटन येथे सायकलींचे दुकान काढले. १८९६ मध्ये लिलिएन्थाल हा जर्मन उड्डाणवीर पडून मरण पावला, तेव्हा हवेत तोल कसा राखावा हा प्रश्न विल्बरच्या मनात घर करून बसला. १८९९ मध्ये ट्यूबचे रिकामे खोके हातात पिळत असता त्याला उत्तर सुचले: पंखांची टोके अशीच उलटसुलट पिळता आली, तर तोल सावरता येईल.

१९०० मध्ये तो किटी हॉक येथील वाळवंटी किनाऱ्यावर निघाला. पंखांसाठी अठरा फुटी लाकूड वाटेत कोठेच मिळेना. सोळा फुटीवर भागवावे लागले. त्यामुळे आधी शिवून ठेवलेले कापड मोठे झाले. टेट कुटुंबाच्या शिवणयंत्रावर बसून त्याने ते पुन्हा बेतून शिवले.

पुढच्या वर्षीचे ग्लायडर हिशेबापेक्षा फारच कमी भार उचलू लागले, तेव्हा तो खचला. तथापि घरी परतून भावांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, तीत पंख्याचा वारा सोडला आणि सुमारे दोनशे लहान पंखांची पारख केली. मोजमापाची साधने सायकलीच्या तारांची व करवतीच्या पात्यांची! पूर्वसूरींची कोष्टके त्यांनी बाजूला ठेवली. शास्त्रभाषांतर करताना कोशातला अर्थ मुळाशी ताडून पाहावा लागतो. म्हणून मला हा प्रसंग विशेष भावतो.

१९०३ मध्ये दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर याने सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. लाकडी सांगाडा, मलमलीसारखे सुती कापड, पंखे फिरविण्यास साखळ्या. एकूण वजन ६०५ पौंड.

१३ डिसेंबरला वारा अनुकूल होता. परंतु तो रविवार होता, म्हणून यंत्र जागचे हलले नाही. प्रौढपणी विल्बर नेमाने उपासनेस जात नसे, हे सांगितलेच पाहिजे. वडिलांच्या घरची शिस्त मात्र त्याने मोडली नाही. सोमवारी नाणे उडवून पहिली पाळी त्याला मिळाली. विमानाचे तोंड फार वर उचलले गेले आणि ते वाळूत आपटले. दुरुस्तीनंतर १७ तारखेस पहिले उड्डाण ऑरविलने केले, १२ सेकंदांचे. दुपारी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. थोड्याच वेळात वाऱ्याच्या झोताने यंत्र उलथून मोडले. ते पुन्हा कधी उडाले नाही.

दोघांनी एकत्र उडू नये, असे वडिलांना दिलेले वचन मुलांनी पाळले. केवळ २५ मे १९१० रोजी त्यांच्या अनुमतीने दोघे एकदा बरोबर उडाले. त्याच दिवशी ८१ वर्षांचे बिशपही ऑरविलच्या शेजारी बसून आकाशात गेले. ३० मे १९१२ रोजी विषमज्वराने विल्बरचे निधन झाले, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. आई विसावली होती त्याच डेटनच्या दफनभूमीत वृद्ध पित्याने त्याला निरोप दिला.