फोटो फ्लिप करणारं गणित आणि रेने देकार्त

फोटो एडिट करताना फ्लिपचं बटण आपण सगळेच दाबतो. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. गणितात सांगायचं तर मधल्या रेषेपासून मोजलेल्या प्रत्येक अंतराचं चिन्ह बदलतं, म्हणजे क्ष च्या जागी −क्ष येतो.

शाळेत मला हे कधी उमगलंच नाही. ऋण उत्तर आलं की चुकलं समजून मी ते खोडून टाकायचो. पुढे रेने देकार्त यांच्याबद्दल वाचलं आणि जरा धीर आला, कारण ऋण उत्तरांना तेसुद्धा खोटी उत्तरं म्हणायचे!

देकार्त यांचा जन्म ३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्समध्ये झाला. जेमतेम वर्षाचे असताना त्यांची आई वारली. तब्येत नाजूक, म्हणून शाळेत त्यांना सकाळी उशिरापर्यंत झोपायची सूट होती. ही सवय त्यांनी मोठेपणीही सोडली नाही. पुढे ते नेदरलँड्सला राहायला गेले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे धरून लिहिलेला त्यांचा ग्रंथ छापायच्या बेतात होता. पण १६३३ मध्ये गॅलिलिओंना शिक्षा झाल्याचं कळलं आणि त्यांनी तो बाजूला ठेवला.

१६३७ मध्ये लायडनला त्यांचं पुस्तक निघालं, तेही लेखकाच्या नावाशिवाय. त्याचा शेवटचा भाग भूमितीचा. त्यात चौथ्या घाताचं एक समीकरण आहे. सहगुणक क्रमाने १, −४, −१९, १०६, −१२० आणि उत्तरं २, ३, ४, −५. देकार्त यांनी दुसऱ्या आणि चौथ्या पदाचं चिन्ह बदललं. सहगुणक झाले १, ४, −१९, −१०६, −१२० आणि उत्तरं −२, −३, −४, ५. खरी होती ती खोटी झाली, खोटं होतं ते खरं झालं!

यालाच आज आपण आलेखाचं वाय अक्षातलं परावर्तन म्हणतो. गंमत म्हणजे त्या पुस्तकात शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले, आजच्यासारखे अक्ष नव्हतेच.

आता सगळ्याच पदांची चिन्हं बदलली तर? मग आलेख एक्स अक्षात उलटतो, वरचा भाग खाली येतो. पण तो अक्षाला जिथे छेदतो ते बिंदू हलत नाहीत, म्हणून उत्तरं तीच राहतात. माझा गोंधळ नेमका इथेच व्हायचा.

१६४९ मध्ये राणी क्रिस्टिनाच्या बोलावण्यावरून देकार्त स्वीडनला गेले. उशिरा उठणाऱ्या या माणसाला ऐन हिवाळ्यात पहाटे ५ वाजता राणीला शिकवायला जावं लागे. ११ फेब्रुवारी १६५० रोजी स्टॉकहोममध्ये ते वारले. वय अवघं ५३.

जिओजेब्रामध्ये वरची दोन्ही समीकरणं एकाच पानावर काढून बघा. आणि उत्तर ऋण आलं तर खोडू नका, आधी आलेख फ्लिप करून पाहा.