गाठ नेमकी कुठली? डॉ. खानोलकर आणि प्रोस्टेटचा रिपोर्ट

वडिलांच्या प्रोस्टेट बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की तुमची नजर आधी ‘कॅन्सर’ हा शब्द शोधते. पॅथॉलॉजिस्टला मात्र तुकडा ग्रंथीच्या कुठल्या भागातला, हेही पाहायचे असते. रोगाची जागा इतक्या बारकाईने पाहणारे आपल्याकडचे मोठे नाव म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. घेऊन ते मुंबईत शिकवू लागले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९४४ मध्ये त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. नुसते ‘तोंडाचा कर्करोग’ लिहून ते थांबत नसत. चुना-तंबाखू ओठात धरणाऱ्याला खालच्या ओठाचा, चुट्टा उलटा धरून ओढणाऱ्याला टाळूचा आणि धोतर घट्ट नेसणाऱ्याला कमरेच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी दाखवले. जागेवरून कारणाचा माग लागत होता. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे गाजलेले काम प्रोस्टेटवरचे नव्हे. तरी जागेचा प्रश्न इथेही तितकाच कामाचा आहे.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या मधून लघवीची नळी जाते. वयोमानाने होणारी साधी वाढ या नळीभोवतीच्या भागात होते, म्हणून धार बारीक होते, रात्री उठावे लागते. कर्करोग मात्र सुमारे ७० टक्के वेळा मागच्या, गुदाशयाला लागून असलेल्या बाहेरच्या भागात सुरू होतो. तो नळीपासून लांब असल्याने सुरुवातीला लघवीचा त्रास होतोच असे नाही. त्रास नाही म्हणजे रोग नाही, असे समजू नका. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात ते याचसाठी. थोडे अवघडल्यासारखे होते, पण टाळू नये.

विट्यातल्या गलाईवाल्या घरांना हे सांगायला नको की चिमूटभर सोन्यावरून सगळ्याचा कस ठरतो. प्रोस्टेटमध्ये तसे चालत नाही. इथे रोग बहुधा एकाहून अधिक ठिकाणी असतो, म्हणून सुईने साधारण १२ तुकडे वेगवेगळ्या भागांतून घेतात.

सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी ग्रंथींभोवती पेशींचा एक बाहेरचा थर असतो. कर्करोगात तो नाहीसा होतो, ग्रंथी लहान आणि दाटीने दिसतात, पेशींची केंद्रके मोठी होतात. ही रचना किती बिघडली आहे, यावरून ग्लीसन गुण देतात. ६ म्हणजे सहसा संथ रोग, ८ ते १० म्हणजे आक्रमक. ७ असेल तर ३+४ की ४+३, हे जरूर विचारा. दुसरा प्रकार अधिक जोमाचा असतो.

तुकड्यांचे ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळा जपून ठेवते. दुसरे मत घ्यायला मिरज, पुणे किंवा मुंबईला जाणार असाल, तर रिपोर्टबरोबर त्याही मागून घ्या.